फेटा, पगडी आणि दस्तार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराईत पहाटे सहाला कार्यालयावर पोचलो की दुपारपर्यंत साठ-सत्तर डोकी बांधून होतात. हात चालू असतात आणि समोर बसलेल्या माणसाला मान हलवायची सोय नसते, म्हणून तो प्रश्न विचारत बसतो. वीस-बावीस वर्षं तेच ते प्रश्न ऐकतोय, तेव्हा म्हटलं, एकदा उत्तरं लिहूनच ठेवावीत. निम्मे प्रश्न आपल्या फेट्या-पगडीचे आहेत. उरलेले शिखांच्या दस्तारीचे, म्हणजे त्यांच्या पगडीचे, कारण नांदेडला जाऊन आलेला माणूस ते विचारल्याशिवाय राहत नाही.

फेटा, पटका, पागोटं, मुंडासं, पगडी हे सगळं एकच ना?

कापड एकच म्हणा हवं तर. बांधणी वेगळी आणि बांधणाराही वेगळा.

मुंडासं म्हणजे रानातल्या माणसाचं. मिळेल ते कापड, आरसा न बघता डोक्याला गुंडाळलेलं. माझ्या आजोबांचं मुंडासं दिवसभरात किती कामं करायचं ते मोजायला हवं होतं. उन्हात डोकं झाकायचं, ओझं उचलताना त्याची चुंबळ व्हायची, घाम पुसायला तेच, बाजारातून मिरच्या बांधून आणायला तेच. एकदा परक्या विहिरीवर पोहरा नव्हता, तर त्यांनी मुंडासं सोडून तांब्याला बांधलं, पाणी काढलं आणि तेच ओलं कापड परत डोक्याला गुंडाळलं. अर्थबिर्थ नंतर आले, आधी ऊन होतं.

पागोटं कमी पन्ह्याचं, लांबलचक, पीळ देऊन चापून बसवलेलं. फेटा किंवा पटका मोठ्या पन्ह्याचा. आमच्याकडचा कोल्हापुरी फेटा आठ-नऊ मीटर लांब आणि मीटरभर पन्ह्याचा असतो. जुन्या पुण्यात ‘रुमाल’ बांधायची रीत होती. चौकोनी कापडाची घडी डोक्याला बांधायची. कागदपत्रांचे गठ्ठे बांधायच्या कापडालाही रुमालच म्हणायचे, त्यामुळे पेशवे दप्तरातले कागद आजही ‘रुमालात’ असतात.

पगडी मात्र रोज बांधायची वस्तूच नव्हे. ती कारागिरानं एकदा बांधून, टाके घालून पक्की केलेली असते. घरी आलं की उचलून खुंटीवर किंवा पेटीत ठेवायची, सकाळी परत टोपीसारखी डोक्यावर चढवायची. ती करणाऱ्याला पगडबंद म्हणत. मला फेटा येतो, पगडी येत नाही. ते वेगळंच काम.

तुरा आणि शेमला म्हणजे काय?

वर पंख्यासारखा उभा राहतो तो तुरा. पाठीवर सोडलेलं टोक म्हणजे शेमला. तुरा उभा राहावा म्हणून कापडाला खळ हवी. नव्या कोऱ्या सिंथेटिक कापडाचा तुरा तासाभरात मान टाकतो, मग नवरदेवाचे मामा माझ्याकडे रागानं बघतात.

तुरा हा नुसता नखरा नाही. आपल्या शाहिरीत कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष होते. कलगीवाले शक्ती श्रेष्ठ म्हणायचे, तुरेवाले शिव. रात्र-रात्र सवाल-जवाब चालायचे. फेट्याला खोचायच्या दोन दागिन्यांवरून माया मोठी की ब्रह्म मोठं हा वाद घालणारा प्रांत आपला.

पुणेरी पगडी नेमकी कोणाची?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर आधीच माहीत असतं, त्याला फक्त मी काय बोलतो ते बघायचं असतं.

पुढं चोच काढलेली, टणक, लाल पुणेरी पगडी आपल्या डोळ्यांपुढं आहे ती न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले यांच्या फोटोंमुळे. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारदरबारीही ती पुण्याची झाली. आज ती सत्काराला, गणपतीत, स्नेहसंमेलनात दिसते. रोज कोणी घालत नाही.

पण पूर्वी डोक्यावरचं कापड म्हणजे माणसाचं ओळखपत्र होतं. ब्राह्मणाची पगडी वेगळी, मराठ्याचं पागोटं वेगळं, धनगराचा पटका वेगळा, शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरी वेगळी. लांबून येणारा माणूस कोण, कुठला, त्याला ओसरीवर बसवायचं की अंगणात, हे त्याच्या डोक्याकडे बघून ठरायचं. जोतीराव फुल्यांच्या चित्रात पुणेरी पगडी नाही, पागोटं आहे. जून २०१८ मध्ये पुण्यातल्या सभेत शरद पवारांनी यापुढं पुणेरी नको, फुले पगडी द्या, असं सांगितलं, त्यानंतर कित्येक दिवस वर्तमानपत्रं पगड्यांनीच भरली होती. बाहेरच्यांना त्याचं हसू आलं. मला आलं नाही. शंभर-दीडशे वर्षं एखादी वस्तू जात सांगत आली असेल, तर ती एका दिवसात नुसती शोभेची होत नाही.

याची दुसरी बाजू याहून वाईट. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या काही गावांत दलित नवरदेव साफा, म्हणजे तिकडचा फेटा, बांधून घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगडफेक झाल्याच्या बातम्या अजून येतात. साफा म्हणजे मान, आणि तो मान अमक्याच डोक्यावर शोभतो, असं मानणारे लोक आहेत. फेटा बांधणाऱ्याला ही गोष्ट विसरून चालत नाही.

फेटा मानाचा कसा झाला?

दरबारातून. जुन्या राजवटीत एखाद्याला पद दिलं की वस्त्रं दिली जात, आणि त्यात डोक्याचं वस्त्र मुख्य. पेशवाईची ‘वस्त्रं’ मिळाली असं आपण इतिहासात वाचतो, ते शब्दशः कापडचोपड असायचं, म्हणजे मंदील (जरीचं पागोटं), शेला, शिरपेच वगैरे. मानाच्या पायऱ्याही कापडावरच ठरायच्या. आजचं शाल-श्रीफळ-फेटा हे त्याच दरबाराचं ग्रामपंचायतीपर्यंत उतरलेलं रूप आहे.

मान डोक्यावर चढतो तसा उतरतोही. मुलीच्या बापानं वरपित्याच्या पायावर पागोटं ठेवलं, म्हणजे आता माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही, अब्रू तुमच्या हातात. आमच्या आजीच्या बोलण्यात हे यायचं. ज्या लग्नात तिनं ते पाहिलं, त्याविषयी मात्र ती कधी पूर्ण बोलली नाही.

लग्नात कोणाला आधी बांधायचा?

देवाला, मग नवऱ्याला, मग मामाला. त्यानंतर तुमचं तुम्ही बघा. वरपक्षाचे फेटे जरीकाठी आणि वधूपक्षाचे साधे, असं कुणी सांगितलं तर मी आधी पाच मिनिटं बाजूला घेऊन समजावतो. ऐकलं नाही तर बांधतो, काय करणार, बांधणावळ आगाऊ घेतलेली असते.

तेराव्याला पागोटं का बांधतात?

वडील गेल्यावर दिवसकार्य आटोपलं की सासरची किंवा आजोळची माणसं थोरल्या मुलाला पागोटं बांधतात, हल्ली टोपी घालतात. दुखवटा संपला, आता घराचा कर्ता तू, हे चारचौघांत सांगायची ती रीत. भाषण वगैरे नसतं. काल ज्याचं डोकं भादरलेलं होतं त्यावर आज कापड बसतं आणि भाऊबंद उठून एकेक करून त्याला भेटतात. उत्तर हिंदुस्थानात आणि पंजाबात हाच विधी ‘रस्म पगडी’ म्हणून होतो, हिंदूंत आणि शिखांतही.

मला दोनदाच अशा कामाला बोलावलं होतं. दोन्ही वेळा पैसे घेतले नाहीत आणि तुरा काढला नाही.

शिखांची पगडी म्हणजे आपल्यासारखाच फेटा ना?

मलाही तसंच वाटायचं. कशामुळे वाटेनासं झालं ते सांगतो.

कराडकडचं एक लग्न. यजमानांनी बजावलं होतं, मांडवात एकही डोकं मोकळं दिसता कामा नये, सगळ्यांना भगवे फेटे. नवऱ्या मुलाचा कॉलेजातला एक मित्र आला होता, सरदार, डोक्याला गडद निळी पगडी. त्याची पाळी आली तेव्हा मी सवयीनं म्हणालो, ‘‘हे काढा आणि बसा खुर्चीवर.’’ आजूबाजूची पोरं गप्प झाली. तो रागावला नाही. अस्सल मराठवाडी मराठीत म्हणाला, ‘‘काका, मी नांदेडचा. हे काढायचं नसतं हो. चारचौघांत सदरा काढ म्हटल्यासारखं होतं ते.’’

माझ्या हातात भगवं कापड तसंच. काय बोलावं कळेना. त्यानंच ते माझ्या हातून घेतलं, म्हणाला, द्या इकडं, आणि खोलीत गेला. वीसेक मिनिटांनी बाहेर आला तर तेच भगवं कापड त्यानं दस्तारीसारखं बांधलेलं, जरीचा काठ आत दडपलेला, कपाळावर एकावर एक सारख्या पट्ट्या. कापड जरा जास्तच होतं, म्हणाला. त्या दिवशी बांधलेल्या सगळ्या फेट्यांत वरात निघेपर्यंत जसाच्या तसा राहिलेला तो एकच.

फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. आपला फेटा समारंभाचा. सकाळी चढतो, जेवणं झाली की उतरतो, आणि उतरल्यानं माणसाचं काही जात नाही. शिखाची दस्तार रोजची. ती त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःच्या डोक्यावर बांधायची असते, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही. म्हणून ती दुसऱ्यानं ओढणं, पाडणं, गमतीत का होईना हात लावणं हा अपमान ठरतो. लहान शीख मुलांच्या डोक्यावरच्या अंबाड्याला शाळेत टपल्या मारणारी पोरं बघितलीत तर त्यांना थांबवा.

पगडी पाच ‘क’कारांत येते का?

नाही. केस, कंगा, कडा, कृपाण आणि कछेरा हे पाच. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथ उभा केला, तिथून हे आले. केस कापायचे नाहीत, आणि ठेवलेले केस नीट राखायचे, झाकायचे, म्हणून दस्तार. पंथाची जी आचारसंहिता आहे, रहत मर्यादा, तिच्यात मात्र पुरुषानं कछेरा आणि दस्तार धारण केलीच पाहिजे असं स्पष्ट आहे. टोपी चालत नाही.

त्यामागचा विचार मला गुरुद्वारात ग्रंथ वाचणाऱ्या एका ग्रंथीजींनी सोप्या शब्दांत सांगितला. दस्तार हा शब्द फारसी. त्या काळात चांगली पगडी, घोडा, शस्त्र ही बड्यांची मिरास होती. गुरूंनी ती सगळ्यांच्या डोक्यावर ठेवली. खालशात आलेला न्हावी असो, धोबी असो की क्षत्रिय, आडनाव सिंह आणि डोक्याला दस्तार. वर मी लिहिलंय की आपल्याकडे पागोट्यावरून जात ओळखायचे. तिथं पगडी जात पुसायला आली. पुसली गेली का, हा प्रश्न पंजाबातल्या गावांना विचारावा लागेल, पण हेतू तो होता.

रोज बांधायला किती वेळ लागतो?

हात बसला की दहा-पंधरा मिनिटं. कापड साधारण पाच ते सात मीटर, रुबिया किंवा फुल वॉयल, म्हणजे पातळ सुती. आधी ‘पूणी’ करतात. दोघांनी कापडाची दोन टोकं धरून ताणायचं आणि लांबीत घड्या घालायच्या. घरात दुसरं कोणी नसेल तर एक टोक दाराच्या कडीला अडकवतात. मग एक टोक दातांत धरायचं आणि एकेक ‘लड’ तिरकी चढवत न्यायची, डावीकडून, उजवीकडून, कपाळावर मधोमध टोक यावं अशी. सलाई नावाची एक चपटी सळई असते, तिनं चुण्या सरळ करतात, सुटलेले केस आत सारतात. शेवटी दातातलं टोक वर खोचलं की झालं. लहान मुलं पटका बांधतात, तो चौकोनी कापडाचा. आपल्या पटक्याचा त्याच्याशी नावापुरताच संबंध. मुलगा मोठा झाला की गुरुद्वारात दस्तारबंदी करतात, पहिली दस्तार वडीलधाऱ्यांच्या हातून.

मी नांदेडला एका घरी बसून हे शिकलो. तिसऱ्या दिवशी जमली, पण घरातल्या आजी म्हणाल्या, ठीक आहे, कोल्हापुरी झाली.

नांदेडचा आणि दस्तारीचा काय संबंध?

गुरू गोविंदसिंहांचं निर्वाण १७०८ साली नांदेडला, गोदावरीकाठी झालं. आपल्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, हे त्यांनी तिथंच सांगितलं. तिथला गुरुद्वारा, सचखंड श्री हजूर साहिब, हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक आहे. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये बांधली गेली. पिढ्यान्पिढ्या तिथं राहिलेले शीख आहेत. त्यांना दखनी शीख म्हणतात आणि ते आपल्यासारखंच मराठी बोलतात. होळीच्या सुमारास हल्लाबोलाची मिरवणूक निघते तेव्हा निहंगांचे, म्हणजे शिखांतल्या शस्त्रधारी पंथाच्या लोकांचे, दुमाले नावाचे उंच फेटे बघायला मिळतात. निळं कापड, त्यावर पोलादी चक्रं आणि शस्त्रं खोवलेली. किलोभर लोखंड डोक्यावर घेऊन घोडा दौडवणं काय असतं ते बघूनच समजतं.

आणखी एक धागा आहे, जो मला फार आवडतो. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एका पदात नामदेव देवाला बघून म्हणतात, ‘‘खूब तेरी पगरी, मीठे तेरे बोल.’’ तुझी पगडी काय सुंदर, तुझं बोलणं काय गोड! खालसा पंथ उभा राहण्याच्या साडेतीनशे-चारशे वर्षं आधीचा हा मराठी शिंपी. कापडाकडे आधी बघणार, यात नवल काय. नामदेवांच्या वास्तव्यानं पावन झालेल्या पंजाबातल्या घुमानला २०१५ साली मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा इथून गेलेल्यांचं तिथं पगड्या बांधून स्वागत झालं. परतल्यावर त्यातल्या एका ओळखीच्यानं मला फोन केला, ही सोडायची कशी म्हणून.

रंगांना काही अर्थ असतो का?

थोडा असतो, लोक लावतात तेवढा नसतो. शिखांत निळा निहंगांचा, केशरी बलिदानाचा मानतात. नामधारी पंथाचे लोक पांढरी पगडी कपाळावर आडवी, सपाट बांधतात, ती लांबून ओळखू येते. बाकी ऑफिसला जाणारा माणूस शर्टाला जुळेल ती बांधतो. आपल्याकडे भगवा सगळीकडे चालतो, धनगरांत पिवळा, विसर्जनाला गुलाबी. वारकऱ्याच्या डोक्याला पांढरं. राजस्थानात पावसाळ्यात लहरियाचे, म्हणजे लाटांसारख्या पट्ट्यांचे, साफे निघतात. ‘राशीनुसार फेट्याचा रंग’ असं कुणी विकत असेल तर घेऊ नका.

बायकांनी फेटा बांधला तर चालतो का?

चालतो की. गिरगाव, डोंबिवलीच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेट चालवणाऱ्या मुली आता नव्या राहिलेल्या नाहीत. एक अडचण येते ती अंबाड्याची. मी अंबाडा थोडा खाली, मानेवर घ्यायला सांगतो. शीख बायकांना रहत मर्यादेनं मोकळीक दिली आहे, बांधायची तर बांधा, नाहीतर ओढणीनं डोकं झाका. काही जणी केसकी बांधतात, छोटी, गोल, घट्ट.

फेटा घातला की हेल्मेट माफ ना? सरदारजींना असतं तसं?

नाही! हा प्रश्न दर पाडव्याला येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९ मध्ये सूट आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला. म्हणजे शीख असायला हवं आणि डोक्यावर पगडीही हवी. फेट्यावाल्याला पोलीस सोडत असतील तर तो सणाचा मूड समजा. शिवाय फेटा वाऱ्यानं सुटला की शेमला मागच्या चाकात जायला वेळ लागत नाही. गाडीवर जायचं असेल तर शेमला आत खोचून घ्या, आणि खरं सांगायचं तर हेल्मेट घालून जा, मी पोचल्यावर बांधतो.

परदेशात पगडीवरून एवढे खटले का होतात?

कारण तिथल्या नियमांत टोपी ही काढायचीच वस्तू होती. घरात गेलं की काढायची, कोर्टात काढायची, शाळेत अमुकच घालायची. जे कापड काढायचं नाहीच त्याचं काय करायचं, हे नियमाला ठाऊक नव्हतं.

ब्रिटनमध्ये १९७६ साली कायदा करून पगडीधारी शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट दिली गेली. १९८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, हाउस ऑफ लॉर्ड्सनं, पगडी घातल्यामुळे खासगी शाळेत प्रवेश नाकारलेल्या एका शीख मुलाच्या बाजूनं निकाल दिला. कॅनडाच्या शाही घोडदळ पोलिसांत १९९० साली पगडीला परवानगी मिळाली. बलतेजसिंग धिल्लन हे ती घालून रुजू झालेले पहिले. उलट फ्रान्सनं २००४ साली सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना बंदी केली, त्यात पगडीही गेली.

अमेरिकेतली गोष्ट मात्र कायद्याची नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी, १५ सप्टेंबर २००१ ला, ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर काम करत असताना त्यांना गोळ्या घातल्या. मारणाऱ्याला सूड घ्यायचा होता, आणि त्याला दाढी आणि पगडी एवढंच दिसलं.

आपल्याला हे दूरचं वाटायला नको. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं एका तरुण हिंदुस्थानी बॅरिस्टरला पगडी उतरवायला सांगितली, तेव्हा गांधी उठून बाहेर पडले. पुढच्या वर्षी तिथल्या वरिष्ठ न्यायालयात वकिलीची शपथ घेतल्यावर मात्र त्यांनी ती काढली. मोठ्या लढाईसाठी शक्ती राखून ठेवावी, असा त्यांचा हिशेब होता.

मुसलमान आणि पारशी लोकही पगडी बांधतात ना?

हो. मुसलमानांत अमामा बांधणं ही पैगंबरांची रीत म्हणून पुण्यकर्म मानतात, सक्ती नाही. मदरशातलं शिक्षण पुरं झालं की मुलांची दस्तारबंदी होते. शब्द तोच, विधी वेगळा. पारशी धर्मगुरू पांढरी पगडी घालतात. दादाभाई नौरोजींच्या फोटोतली उंच, काळपट पगडी पारशी गृहस्थांची.

मुंबईतल्या ‘पगडीच्या घराचा’ याच्याशी संबंध आहे का?

आहे, मानाच्या नावाखाली पैसे घेण्याचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मग मालक जागा देताना एकरकमी रक्कम घेऊ लागले, जणू मालकाला पगडी बांधली. ती घेणं बरीच वर्षं गुन्हा होता, १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं त्याला मान्यता दिली. गंमत बघा, फसवलं की ‘टोपी घातली’ आणि लाखो रुपये मोजले की ‘पगडी दिली’. भाषेनं दोघींचा दर्जा नीट सांभाळलाय.

समारंभ झाल्यावर फेटा परत कसा द्यायचा? उलगडून की तसाच?

तसाच द्या. दोन्ही हातांनी, तुरा न धरता, सरळ वर उचलायचा. उलगडू नका, घडी घालू नका, नळाखाली तर मुळीच धरू नका, रंग जातो. खुर्चीवर ठेवला तर कुणी तरी त्यावर बसतंच, म्हणून टेबलावर ठेवा. जमिनीवर ठेवू नका, हे मी सांगायला नको.

रात्री घरी आलो की मी आणि बायको एकेक सोडतो. ती एक टोक धरते, मी दुसरं. घड्यांतून टाचण्या निघतात, कुणाचं कानातलं निघतं, एकदा पाचशेची नोट निघाली, ती यजमानांना पोचवली. अक्षता तर दर फेट्यात. त्या झटकून एका ताटलीत जमवतो आणि सकाळी गच्चीवर चिमण्यांना टाकतो.